मागची उजवी बाजू

मंगळवारपासून गाडी आपटायला लागली.
सोमवारी नव्हती आपटत.
रस्ता तोच, कामरगाव ते धनज,
खड्डे तेच, माझ्या बोटांवर मोजलेले.
पण मंगळवारी प्रत्येक खड्डा
सीटमधून वर आला आणि पाठीच्या मणक्यात बसला.

ओमनीत चाळीस ट्रे, ट्रेला तीस अंडी.
रोज दोन-तीन तडकतात, ती घरी खातो.
मंगळवारी सव्वीस फुटली.
बुधवारी एकतीस.
पिवळं पाणी पत्र्यावरून वाहत
मागच्या दारातून ठिबकत आलं पोह्यापर्यंत.

पंक्चरवाला पोरगा म्हणाला, हवा जास्त हाय.
पाच पौंड काढली त्यानं.
स्टेअरिंग जड झालं, अंडी तेवढीच फुटली.

साळा म्हणाला, पाटा तुटला असंन.
मी टॉर्च घेऊन खाली शिरलो,
तुरीचा फुलोरा, कोरडी ढेकळं, पाठीखाली रस्ता.
पाटे सगळे जागेवर होते,
दुरडीतल्या भाकरींसारखे एकावर एक,
मध्ये मध्ये चिखल वाळलेला.

बेबीनं काही पाहिलं नाही वाकून.
तिनं रिकाम्या ट्रेंची थप्पी उलटी लावली,
कुठल्या ट्रेचं कोणतं घर ओलं आहे ते बघत बसली
आणि म्हणाली,
सारी उजवीकडची हायत. मागची.
डाव्या थप्पीले एक डाग नाई.

कारंज्याला कय्यूमभाईनं चहा संपेपर्यंत गाडीला हात लावला नाही.
मग डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून दाबलं:
गाडी खाली गेली, वर आली, थांबली.
उजव्या कोपऱ्यावर दाबलं:
भिंतीला दाबावं तसं.
आजूबाजूच्या दोन पोरांना बोलावलं, बसा रे यावर.
पोरं बसली. गाडी बसली नाही.

शॉकप खोलला.
डावीकडचा त्यानं माझ्या हातात दिला, खेच म्हणाला.
चिखलातून पाय निघतो तसा तो हळूहळू निघाला.
उजवीकडचा ना खेचता येई, ना दाबता.
दांडी जराशी वाकलेली,
इतकी जराशी, की मी दोनदा पाहूनही मला दिसली नाही.

"हा मेला नाई, गुलाबराव. अकडला हाय.
मेला असता तं गाडी डुलली असती, पाळण्यावानी.
अकडला, म्हनून जे खाली लागते
ते सारं जसंच्या तसं वर देते."

मग मॅट उचलली त्यानं मागची.
कोपऱ्यात नखाएवढा राखाडी खपला,
नखानं न निघणारा.
"सिमेट कवा भरलं?"

मी पान्हा पुसत राहिलो, जो माझा नव्हता.

सोमवारी रात्री, बारा पोती.
पुंजारामच्या दारात ट्रॅक्टर येईना,
गवंडी सकाळी यायचा होता.
धुऱ्याच्या भांडणानंतर सहा वर्षांत
त्यानं पहिल्यांदा फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं,
गाडी रिकामी हाय काय.
जाताना तो मागे बसला पोत्यांवर, उजव्या अंगाला,
पोती घसरू नयेत म्हणून हात पसरून.
अकरा किलोमीटर.
तो बोलला नाही. मीही नाही.
नाल्यावरच्या मोरीत गाडी एकदा दणकून बसली,
तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच शिवी निघाली,
बापाची, जशीच्या तशी.

बेबी स्टुलावर बसून ऐकत होती
जे मी सांगतच नव्हतो.
कय्यूमभाईनं नव्या शॉकपचा भाव सांगितला,
जुना जोडीनंच बदला म्हणाला, डावाही.
मी म्हटलं, डावा चांगला हाय ना.
म्हणाला, आज हाय.

परत येताना गाडी पाण्यावरून चालल्यासारखी.
पोह्याच्या फाट्यावर बेबी बोलली,
खिडकीकडे पाहत:

"बारा पोत्यात स्लॅब नाई होत.
जोतंच होईन.
अजून लागंन त्याईले."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"तुले कोनं सांगतलं?"

"शर्ट कोनं धुतला?"